बोडीवरचा जोगी

मुर्री, ९ जानेवारी २०२५

रिंकू,

चौथीच्या पोरांना मी दरवर्षी पत्रलेखन शिकवते. मोठ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना चिरंजीव, मग खुशाली, मग मुद्दा. आज स्वतः लिहायला बसले तर मायन्यातच अडकले. चिरंजीव लिहिलं असतं तर तू पाकिटासकट फाडलं असतंस, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. फोन तू माझ्यापुरता बंद केलास. शेजारच्या टीनाच्या फोनवरून लावला तर उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग.

तुझे बाबा जामिनावर सुटून घरी आहेत. आपल्या शेतावर कामाला येणारा मनिराम मात्र अजून भंडाऱ्याच्या तुरुंगात आहे. त्याला जामीन राहायला कोणी पुढे आलं नाही, आणि आपल्या वकिलांनी सांगितलं की आपण तर त्यात मुळीच पडायचं नाही. बाबा दिवसभर पुढच्या खोलीत बसतात. भिंतीवरची मानपत्रं त्यांनी स्वतःच उतरवली. तिथे भिंतीवर चौकोनी डाग राहिलेत. ते झाकायला कॅलेंडरं लावावीत म्हटलं, पण एवढी कॅलेंडरं कुठल्या घरात असतात. मला त्याचं हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली.

तुला जाब विचारायचा आहे. दिवाळीला आलीस, भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी बिरसीच्या शेतावर गेलीस. आपला बैलांचा जुना कोठा, त्याचं कुलूप तोडलंस, आत पंख कापलेला सारस पाहिलास, फोटो काढलेस आणि घरी न येता थेट वनविभागाच्या ऑफिसात गेलीस. बाबांना एक शब्द विचारला नाहीस. मलाही नाही. जनावरांची डॉक्टर झालीस, नागपुरात दवाखान्यात लोक तुला मॅडम म्हणतात, पण घरातली गोष्ट आधी घरात विचारावी एवढं सुचलं नाही. अख्ख्या जिल्ह्यात ज्यांना 'सारसवाले सर' म्हणत होते त्या लक्ष्मीचंद सरांना पोरीने हातकड्या घातल्या, असं लोक आता म्हणतात.

तो पक्षी विजेच्या तारेला लागला होता. बाबा उपचार करत होते. उडून पुन्हा तारेवर जाऊ नये म्हणून पिसं कापली होती. बरा झाला की सोडणारच होते.

माझ्या जबाबाचं म्हणशील तर वनविभागाचे साहेब अंगणात उभे, शेजारी गच्चीवर चढलेले, बाबांचा चेहरा पांढराफटक. मला विचारलं, पक्षी कोणी आणला? मी म्हटलं, मनिरामने आणून कोठ्यात ठेवला, सरांना मागाहून कळलं, ते फक्त औषध करत होते. मग विचारलं, तुमची मुलगी वेगळं का सांगते? मी म्हटलं, उमेंद्रशी लग्नाला आम्ही नाही म्हटलं, त्याचा राग काढते आहे. उमेंद्र तुझ्या दवाखान्यात काम करतो, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. तोंडातून निघून गेलं. पुढे ते मोबाइलवर फिरलं, त्याला मी काय करू.

नवऱ्याला वाचवायला बाईमाणूस एखादा शब्द इकडचा तिकडे करते. त्याचा इतका राग धरू नये.

आई


मुर्री, २ मार्च २०२५

रिंकू,

तुझं कार्ड आलं. पोस्टकार्ड आताशा कुठे मिळतं ते तुलाच ठाऊक. पोस्टमनने ते वाचून मगच माझ्या हातात दिलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. खुशाली नाही, मायना नाही. 'जबाब बदललास का?' आणि खाली रिंकू.

नाही बदलला.

हे लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आज पुढे लिहिते आहे, कारण परवा मुन्नीबाई शाळेत आली होती. मनिरामची बायको. मधल्या सुट्टीत पोरं खिचडीला बसली होती आणि ही स्वयंपाकखोलीच्या ओट्याला टेकून उभी. मी तिला आत बोलावलं तर आत आली नाही. सगळ्या पोरांदेखत, बाकीच्या मॅडमांदेखत विचारलं.

"बाई, तुमी आमच्या घरच्या मानसाचं नाव काऊन घेतलं?"

मी म्हटलं, साहेबांनी विचारलं ते मी सांगितलं.

"तो सरच्या सांगन्यावरून फासे मांडे. सर म्हनत, पाखराच्या पायात पट्टा बांधाचा हाय, अभ्यासाचं काम हाय. त्याले का समजते? तो दर हप्त्याले विचारे, सर, इले कवा सोडाचं? तुमाले तं सारं मालूम होतं बाई."

मी तिला म्हटलं, बस, दोन घास खाऊन जा. ती म्हणाली, "मी खाले नाइ आली. तुमच्या तोंडाकडे पाहाले आली." आणि खरंच थोडा वेळ बघत राहिली आणि गेली. दुसरीतल्या एका पोरीने विचारलं, बाई, ते बाई रागावली का? मी तिला पाढे म्हणायला सांगितले.

तारेला लागलेल्या पक्ष्यासाठी फासे कशाला मांडतात, हे तुझ्या मनात आता आलंच असेल. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू कोठ्यात पाहिलेला पक्षी कुठल्याही तारेला लागला नव्हता. तो धडधाकट होता. तुझ्या बाबांनी तो मनिरामकडून धरवला होता.

पण तारेची गोष्टही खरी आहे, ती वेगळ्या पक्ष्याची. ती सांगितल्याशिवाय तुला हा माणूस कळायचा नाही. तू त्यांना फक्त त्या कोठ्याच्या दारात पाहिलंस. मी त्यांना चिखलात पाहिलं आहे. रोवणीच्या दिवसांत सारस धानाच्या बांधीत घरटं घालतो, आणि शेतकऱ्याला ते नको असतं, कारण पक्षी रोपं उपटतो. हे शाळा सुटली की सायकल काढायचे आणि शेतांच्या कडेकडेने, धुऱ्याधुऱ्याने फिरून लोकांना हात जोडायचे, तेवढा कोपरा सोडा म्हणून. लोक हसत. बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून गेली की सगळी पोरं वर बघत, आणि हा माणूस खाली आपल्या तळ्याच्या, बोडीच्या पाण्यात बघत असे. मी त्यांना चिडवायची, सासऱ्याने तुम्हाला मुलगी दिली की बगळी दिली. हसायचे, पण नजर पाण्यातच.

त्या काळात मला या माणसाचा अभिमान होता. तो खोटा नव्हता, रिंकू. लाज वाटते ती त्यामुळेच जास्त वाटते.

आई


मुर्री, ११ मे २०२५

रिंकू,

या वेळी तुझं कार्डही नाही. ठीक आहे. मुद्दा अर्धा सोडून बसायची सवय मला नाही, म्हणून पुढचं लिहिते.

सहा-सात वर्षांपूर्वी आपल्या बोडीवरच्या जोडीतला एक पक्षी तारेला लागून पडला. पाय सोलवटला होता. बाबांनी त्याला कोठ्यात आणलं, हळद-तूप, नंतर खरं औषध, रात्रंदिवस सेवा केली. दुसरा पक्षी बोडीच्या धुऱ्यावर येऊन उभा राहू लागला. सकाळी येई, कोठ्याकडे तोंड करून ओरडे, आतला पक्षी उत्तर देई. कोणीतरी त्याचा फोटो काढला. एकटा सारस, मागे हिरवं धान. खाली लिहिलं, जोडीदार गेली तरी वाट पाहणारा. बाबांनी त्यात फक्त एक शब्द घातला, जोगी. नर-मादी आपल्याला दिसून कळत नाही, पण जोगी म्हटल्यावर तो नर झाला आणि आतली मादी झाली. आणि ती लोकांपुरती मेली.

पुढे काय झालं ते तू बाहेरून पाहिलंस. नागपूर, रायपूर, पुण्याहून गाड्या येऊ लागल्या. शाळांच्या सहली, कॅमेऱ्यांची मोठमोठी नळकांडी, टीव्हीवाले. बाबांची भाषणं. एकनिष्ठा शिकायची तर पाखराकडून शिका, असं म्हणून ते थांबत, आणि बायका डोळे पुसत. मीही एकदा पुसले. कोठ्यात काय आहे ते मला माहीत असून पुसले.

पाय बरा झाला होता. सोडायचा दिवस ठरला होता. त्याच आठवड्यात मुंबईचे कोणी मोठे पाहुणे येणार होते. बाबा म्हणाले, मादी सोडली तर दोघं नदीकडे निघून जातील, पाहुण्यांना काय दाखवू? एवढी भेट होऊ दे. तेव्हा पहिल्यांदा पिसं कापली. भेट झाली. मग जूनची सारसगणना आली, मग पुरस्काराचं पत्र आलं. प्रत्येक वेळी 'एवढं होऊ दे'. आणि पिसं पुन्हा उगवत, त्यामुळे पुन्हा कापावी लागत.

जुने पाखरं धरणारे हेच करत. एक बांधून ठेवायचा, दुसरा आपोआप फिरत राहतो. या लोकांना बाबांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्यांच्याविरुद्ध अर्ज केले, एकाला तर पकडून दिलं होतं. त्यांचीच रीत घरी आणली आणि तिला संशोधन म्हटलं.

आता ऐक. लोकांनी इतकी वर्षं पाहिलेला जोगी एक नव्हता. तीन होते.

तारेला लागलेला पक्षी दुसऱ्या उन्हाळ्यात कोठ्यात मेला. बाहेरचा काही दिवस आला, मग यायचा थांबला. पावसाळ्यात रिकाम्या बोडीवर नवी जोडी उतरली. त्यांना काय माहीत जागा कशाने रिकामी झाली. बाबांनी मनिरामला फासे मांडायला सांगितले आणि त्यातला एक आत घेतला. दुसरा धुऱ्यावर उभा राहिला. लोक म्हणाले, जोगी परत आला. तोही आतला मेला. मग तिसरी जोडी. तू पाहिलास तो त्या तिसऱ्या जोडीतला. आपल्या बोडीवर जी जोडी विश्वासाने उतरली ती आम्ही मोडली. आणि दर जूनला बाबा पत्रकारांना सांगत की जिल्ह्यात सारस घटत चालले आहेत, फवारणीमुळे आणि तारांमुळे. ते खोटं नव्हतं. फक्त आपल्या कोठ्याचं नाव त्यात नव्हतं.

शाळेत आता पालक माझ्याशी नीट बोलत नाहीत. एकाने विचारलं, मॅडम, सरच्या घरी पाखरू कापून खात होते म्हणतात, खरं का? मी म्हटलं, नाही, खात नव्हतो.

दुसरा पक्षी कसा मेला ते मी या पत्रात लिहीत नाही.

आई


मुर्री, २२ जून २०२५

रिंकू,

या वर्षीची गणना झाली. बाबांना कोणी बोलावलं नाही. ते पहाटे उठून तयार होऊन बसले होते, गळ्यात दुर्बीण. ऊन वर आलं तेव्हा त्यांनी ती काढून कपाटावर ठेवली. मला त्यांची कीव आली. इतकं सगळं होऊनही येते, हे तुला पटणार नाही.

दुसरा पक्षी मेला तो मागच्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत. आता लिहूनच टाकते.

आतला पक्षी बाहेरच्याला उत्तर द्यायचा. सारसाचा आवाज तुला माहीत आहे, अर्ध्या कोसावर जातो. धुऱ्यावर जोगी ओरडला की कोठ्यातून लगेच जोड. पाहुणे विचारू लागले, सर, हा दुसरा आवाज कुठून? बाबा एकदोनदा म्हणाले, प्रतिध्वनी आहे. एका हुशार पोराने विचारलं, सपाट शेतात प्रतिध्वनी कसा? त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, आता संपलं. सगळं उघडं पडणार.

तेव्हा मी म्हटलं, चोच बांधा.

मी, रिंकू. बाबा नाहीत. त्यांना सुचलंही नव्हतं, उलट ते चपापले. मी अंगणातली तुझी जुनी सायकल पालथी केली, ट्यूबचा तुकडा कापला, त्याची कडी केली. पाहुणे यायच्या आधी चोचीवर चढवायची, गेले की काढायची. वर्गात बडबड्या पोराला तोंडावर बोट ठेवायला सांगते, तितक्या सहज मी हे बोलले. बाबांना ते जमेना. म्हणून कडी घालायचं आणि काढायचं काम माझ्याकडे आलं. डोक्यावर कपडा टाकला की पक्षी शांत होतो. तुझ्या कॉलेजच्या ड्रेसची निळी ओढणी तू खूप शोधलीस आणि मी म्हटलं होतं, धोब्याकडे हरवली असेल. ती ओढणी तिथे होती. पिसं कापतानाही पंख मीच धरायची.

निवडणुकीच्या ड्युटीवर मला सकाळीच निघायचं होतं. पाहुणे लवकर येणार म्हणून मी जाता जाता शेतावर उतरले, कडी घातली आणि तिथूनच केंद्रावर गेले. बाबांना वाटलं मी कडी काढायला कोणाला तरी सांगितलं असेल. मला वाटलं बाबा काढतील. मनिरामला चोचीला हात लावायची मनाई होती, ती मीच केली होती. केंद्रावर रात्री झोपायचं, दुसऱ्या दिवशी मतदान, यंत्रं जमा करून घरी यायला उशीर. एप्रिलचं ऊन, पत्र्याचा कोठा, पाण्याची घमेली भरलेली आणि चोच बांधलेली. मी तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा तो घमेल्यापाशी पडला होता. पाणी सांडलेलं नव्हतं.

मी खूप रडले. मग आम्ही दोघांनी त्याला कोठ्यामागे, वाळल्या पेंढ्याच्या, तणशीच्या ढिगाखाली पुरलं. कडी काढायचं मला धैर्य झालं नाही. धुऱ्यावरचा बरेच दिवस ओरडत राहिला, आणि त्या दिवसांत पाहुण्यांना ऐकू येईल असा दुसरा आवाज नव्हता. बाबा म्हणाले, आता कडीची गरज नाही. त्यांनी हे क्रूरपणे म्हटलं नाही. नुसतं म्हटलं. मला त्या वेळी त्या माणसाची भीती वाटली आणि मग माझी स्वतःची. तरी पावसाळ्यात तिसरी जोडी आली तेव्हा मी नवी कडी कापली.

या सगळ्यानंतर मी साहेबांसमोर मनिरामचं नाव घेतलं आणि तुझ्या अब्रूवर चिखल टाकला. आता तुला कळलं असेल मी कोणाला वाचवत होते. नवऱ्याचं नाव पुढे करून स्वतःला वाचवत होते.

काल बाबांना सांगितलं की मी ऑफिसात जाऊन जबाब बदलणार आहे. ते म्हणाले, "रुख्मा, ट्यूब तुझी होती, हे ध्यानात ठेव."

मी म्हटलं, "तेच सांगाले जाऊन राहिली."

"माझं आयुष्य गेलं ना आता. तुझी नोकरी आहे, पेन्शन आहे. त्या मनिरामसाठी घालवणार का?"

"त्याच्यासाठी, पोरीसाठी, माझ्यासाठी. कोणासाठी म्हणायचं ते तुमी ठरवा."

ते म्हणाले, मी या जिल्ह्यात सारस वाचवले, हे तरी सांगशील का? मी म्हटलं, सांगीन. तेही खरं आहे.

उद्या सकाळची बस आहे.

आई


मुर्री, ६ जुलै २०२५

रिंकू,

जबाब दिला. आधी त्या साहेबांना वाटलं मी नवऱ्याच्या वकिलाचा काही कागद घेऊन आले. मी बोलू लागले तेव्हा त्यांनी लिहिणाऱ्याला बोलावलं. मी शाळेत धडा सांगते तसं क्रमाने सांगितलं. मनिरामला पट्टा बांधायचा म्हणून फसवलं. उमेंद्रचं मी रचलं, माझ्या मुलीने सांगितलेलं सगळं खरं होतं. पक्षी तीन होते. पंख मी धरले. चोच बांधायची कल्पना माझी, हात माझा, आणि विसरलेही मीच. बाबांनी सुरुवातीला किती घरटी वाचवली तेही लिहायला लावलं. साहेब मध्येच थांबून म्हणाले, मॅडम, असं सांगितलंत तर तुमचं नाव आरोपींत येईल, वकिलाला विचारून या. मी म्हटलं, विचारलं की ते गप्प बसायला सांगतील, आणि गप्प बसायची मला फार सवय झाली आहे. तुम्ही लिहा.

दुसऱ्या दिवशी ते लोक शेतावर आले. तणशीचा ढीग बाजूला केला. मला वाटलं होतं मी तिथे उभी राहू शकणार नाही, पण राहिले. हाडं निघाली. कडी चोचीवर तशीच होती, काळी, जरा भेगाळलेली. एका वनरक्षक पोरीने ती चिमट्याने उचलून पिशवीत घातली आणि माझ्याकडे पाहिलं. तुझ्याच वयाची होती. तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मनिराम सुटला. केस त्याच्यावर आहेच, फासे त्यानेच मांडले होते, पण जामीन झाला. मी त्याच्या घरी गेले. तो खाटेवर बसला होता, वाळून गेला आहे. मी माफी मागितली. तो म्हणाला, "बाई, मले त पाखरायचंच वाईट वाटते. मी त्याईले धरलं अना तुमाले आनून देल्लं." मुन्नीबाईने मला बस म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. त्यांच्या बांधीत रोवणी अजून झालेली नाही. मी उद्यापासून रोवायला येते म्हटलं. ती म्हणाली, "नोको येऊ." म्हणून मी गेले नाही, घरी बसले, एवढंच.

शाळेतून निलंबनाचा आदेश आला. हजेरी बंद झाली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. एकाच घरात दोघं वेगळी जेवतो. तू कोठ्यातून सोडवलेल्या पक्ष्याची पिसं येत आहेत, असं ऑफिसात कळलं. नीट उडायला लागला तर इथेच आणून सोडणार म्हणाले. बाहेरचा येतो की नाही, मला माहीत नाही. मी बोडीवर जात नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. पुढच्या महिन्यात तुझी साक्ष आहे. साहेबांनी सांगितलं की तुला समन्स निघेल. वकील मला काल म्हणाले की मुलीला थोडं समजावा, आईबद्दल तिने फार बोलायची गरज नाही, तिने स्वतः तुम्हाला काही करताना पाहिलेलं नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण तू पाहिलं आहेस. भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी मी शेतावरून आले, तू मला विचारलंस, आई, हाताला हे काय ओरबाडलं? मी म्हटलं, बोरीच्या काट्याचं. तू डॉक्टर आहेस. चोचीचा आणि काट्याचा ओरखडा तुला वेगळा कळतो. तू तेव्हा माझ्याकडे पाहिलंस, काही बोलली नाहीस, आणि दुसऱ्या दिवशी कुलूप तोडायला गेलीस. ते तू ना साहेबांना सांगितलंस, ना फोटोत दाखवलंस. तेवढं एक तू झाकून ठेवलंस, माझ्यासाठी. हे मला आज कळतं आहे, आणि गेले आठ महिने मी तुलाच बोल लावत होते.

ते झाकू नकोस. विचारतील तेव्हा सांग, आईच्या हातावर जखम होती आणि ती खोटं बोलली. मी समोर बसलेली असेन. माझ्याकडे पाहून बोललीस तरी चालेल.

आई